डॉ. कमल रणदिवे : दुखण्याचे मूळ शोधणारी विदुषी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, हे योग्यच आहे. जिजाबाई, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि त्या कितीही वेळा ऐकल्या तरी गोडच लागतात. यंदा मात्र मी एका निराळ्या क्षेत्रातील विदुषीची ओळख करून देणार आहे. या बाई जन्माने पुण्याच्या, कामाने मुंबईच्या, आणि उतारवयात आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांसाठी झटलेल्या. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे. मी त्यांना येथे कमलाबाई म्हणणार आहे, म्हणजे वाचताना त्या आपल्यातल्याच वाटतील.

भगिनींनो, कॅन्सर हा शब्द आपल्याकडे अजूनही मोठ्याने उच्चारीत नाहीत. घरात कुणाला झाला तर मोठे दुखणे आहे एवढेच सांगतात. कुणी त्याला मागल्या जन्मीचे पाप म्हणते, कुणी तो शिवाशिवीने होतो म्हणून आजाऱ्याचे ताट-तांब्या वेगळा ठेवते. जे कळत नाही त्याचे भय वाटते, आणि भयाच्या भरात माणूस नको ते करून बसते. कमलाबाईंनी या दुखण्याकडे पाठ फिरवली नाही. ते होते तरी कशाने, याचा शोध घेण्यात त्यांनी उभे आयुष्य घातले. त्या शोधातला एक मोठा भाग असा होता की, एखादा विषाणू लहानपणीच अंगात शिरतो, त्या वेळी काहीच जाणवत नाही, आणि पुढे पुष्कळ काळ लोटल्यावर त्याचे फळ दिसते, हे कसे घडते ते पाहणे. आपणा बायकांना ही गोष्ट कळणे फार जरुरीचे आहे, म्हणून हे चरित्र लिहिण्यास घेतले.

कमलाबाईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. आईचे नाव शांताबाई. त्या काळी मुलीला अक्षरओळख झाली की पुरे, असे मानणारीच घरे जास्त. पण समर्थांच्या घरात मुलगा आणि मुलगी असा भेद शिक्षणात नव्हता. सर्व मुलांना चांगले शिक्षण मिळालेच पाहिजे, हा वडिलांचा आग्रह होता. कमल हुजूरपागेच्या शाळेत जाऊ लागली. ही मुलींची शाळा १८८४ साली निघाली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी लोकांची बोलणी खाऊन ती उभी केली होती. तिच्यातून शिकून निघालेल्या मुलींनी पुढे किती क्षेत्रे गाजवली, त्याची गणती नाही.

कमल अभ्यासात हुशार निघाली. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे, असे वडिलांच्या मनात होते. कोणत्या बापाला असे वाटणार नाही? परंतु मुलीचा ओढा वेगळा होता. रोग्याला औषध देण्यापेक्षा झाड कसे वाढते, प्राण्याचे शरीर कशाचे घडते, आतल्या बारीक बारीक कणांत काय चालते, हे जाणून घेण्याची तिला गोडी. तिने फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेतले आणि उत्तम गुणांनी पदवी मिळवली. वडिलांनीही आपला हट्ट धरला नाही. मुलीला शिकवायचे आणि मग तिच्या बुद्धीला आपणच कुंपण घालायचे, असे पुष्कळ घरांत होते. ते येथे झाले नाही, हे विशेष.

पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातून त्यांनी १९४३ साली एम. एस्सी. केले. त्यांचा विषय ऐकून आपल्या बीडच्या बायांना मौज वाटेल. तो होता सीताफळाच्या कुळातील झाडांचा! आपल्या धारूरच्या डोंगरात, बालाघाटाच्या उतारावर जी सीताफळे पिकतात आणि ज्यांना २०१६ साली बीडचे सीताफळ म्हणून सरकारी मानांकन मिळाले, त्याच कुळाची झाडे. त्यांच्या पेशींत आनुवंशिक गुण वाहून नेणारे जे सूक्ष्म धागे असतात, त्यांचा अभ्यास कमलाबाईंनी केला. पेशी म्हणजे काय, तर भिंत जशी विटांची तशी आपली काया पेशींची. एक पेशी डोळ्यांना दिसत नाही, तिला सूक्ष्मदर्शक लागतो. सीताफळाच्या पेशी पाहणारे हेच डोळे पुढे कॅन्सरच्या पेशी पाहणार होते.

दरम्यान १३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह जयसिंग त्र्यंबक रणदिवे यांच्याशी झाला. ते डॉक्टर नव्हते, गणिती होते. लग्नानंतर पतीने त्यांना शिकण्यास नुसती परवानगी दिली असे नव्हे, तर अभ्यासात जेथे गणित लागे तेथे मदतही केली. त्यांना एक मुलगा झाला. लग्न झाले, संसार मांडला, आणि त्यानंतर चार वर्षांनी एम. एस्सी. झाली! लग्नाबरोबर पाटी-पुस्तक माळ्यावर टाकणाऱ्या आपल्या लेकीसुनांना हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

संसारासाठी कमलाबाई मुंबईस आल्या. तेथे परळ भागात टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली नुकतेच उघडले होते. या रुग्णालयामागेही एका स्त्रीची कथा आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई या रक्ताच्या कॅन्सरने १९३१ साली वारल्या. त्यांच्या स्मृतीसाठी टाटांच्या विश्वस्त निधीतून हे कॅन्सरचे रुग्णालय उभे राहिले. कमलाबाई तेथे कामास लागल्या. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे मोठे नामांकित रोगनिदानतज्ज्ञ होते. त्यांनी या तरुण बाईची चिकाटी ओळखली आणि तिला पीएच. डी.च्या अभ्यासास घेतले. विषय होता स्तनाचा कॅन्सर, आणि अभ्यास करावयाचा होता उंदरांवर.

आता उंदीर कशाला, असे कुणीही विचारील. माणसाचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे. लहानपणी घडलेल्या गोष्टीचा परिणाम म्हातारपणी काय होतो हे पाहायचे, तर पाहणाऱ्याचेच आयुष्य सरून जाईल. पांढरा उंदीर मात्र दोन-अडीच वर्षे जगतो. त्याचे बालपण, तारुण्य, बाळंतपणे आणि म्हातारपण सर्व आपल्या डोळ्यांदेखत होते. शिवाय शास्त्रज्ञांनी उंदरांची निरनिराळी घराणी तयार केली होती. वीस-वीस पिढ्या भावाबहिणींचाच जोड लावला की त्या घराण्यातले सारे उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकाच गुणाचे होतात. काही घराण्यांत बहुतेक माद्यांना स्तनाचा कॅन्सर होई, काहींत जवळजवळ कुणालाच होत नसे.

सर्वांना वाटे की हा रक्तातला दोष, आईकडून मुलीकडे जाणारा. मग १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. कॅन्सरच्या घराण्यातली पिले जन्मताच आईपासून उचलून त्याने निरोगी घराण्यातल्या मादीच्या अंगावर पाजली. ती पिले मोठी झाली, आणि त्यांच्यातील बहुतेकांना कॅन्सर झालाच नाही! उलट निरोगी आईची पिले रोगी मादीच्या दुधावर वाढवली, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांना झाला. म्हणजे दोष नुसता रक्ताचा नव्हता. दुधातून काहीतरी येत होते. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू आहे, हे पुढे निश्चित झाले. पिलू दूध प्याले की विषाणू त्याच्या अंगात शिरे. पिलू खाई, पिई, हुंदडे, कसलेही दुखणे नाही. मादी वयात येई, तिला पिले होत, आणि मग कधीतरी तिच्या स्तनात गाठ दिसे.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. रानात हराळीचे एक कांडे मातीखाली राहून गेले, तर वर काही दिसत नाही. पाऊस पडला, पाणी मिळाले की ते फुटते. तसेच हे. आपल्या घरातलेही एक उदाहरण आहे. मुलांना कांजिण्या येतात, आठ-पंधरा दिवसांत बऱ्या होतात आणि आपण विसरूनही जातो. पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. पुढे पन्नास-साठ वर्षांनी अंगातली शक्ती कमी झाली की तोच पुन्हा उठतो, आणि त्याला आपण नागीण म्हणतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत अगदी खोटी आहे. ती लहानपणच्या कांजिण्यांचीच उरलेली खूण असते. काविळीच्या एका प्रकारातही असेच घडते. विषाणू काही जणांच्या यकृतात ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षांनी यकृत निकामी करतो.

कमलाबाईंनी जो अभ्यास हाती घेतला तो याच प्रश्नाचा पुढला भाग होता. विषाणू दुधातून आला हे खरे, पण तेवढ्याने कॅन्सर होतो का? की त्याला आणखी काही लागते? त्यांनी कमी-अधिक कॅन्सर होणारी उंदरांची चार घराणी घेतली आणि त्यांच्या माद्यांचे निरोगी स्तन कसे वाढतात, त्यांची घडण कोठे सारखी व कोठे निराळी असते, हे शेजारी शेजारी ठेवून तपासले. खानोलकर आणि कमलाबाई यांचा या विषयावरचा निबंध १९४७ साली विलायतेच्या शास्त्रीय मासिकात छापून आला. रोग झाल्यावर गाठ तपासणारे पुष्कळ असतात. रोग होण्यापूर्वी अंगात काय चालले होते, ते पाहणे हे याचे वैशिष्ट्य. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली.

हे काम किती जिकिरीचे, याची कल्पना घरकाम करणाऱ्या बाईला चांगली येईल. पिंजरे रोज साफ करायचे, दाणापाणी वेळेवर द्यायचे, कोणती मादी केव्हा व्याली, पिले किती, कुणाचे पिलू कुणाच्या अंगावर, याची चोख नोंद ठेवायची. एक पिलू चुकून दुसऱ्या पिंजऱ्यात गेले की वर्षाचे काम मातीत. उंदीर रविवार पाळत नाही आणि दिवाळीही पाळत नाही. यातून उत्तर मिळते ते तसूतसूने.

विषाणू, शरीरातील अंतःस्राव म्हणजे हार्मोन्स, आणि घराण्याचा गुण, या तिघांचे एकमेकांशी नाते काय, हा कमलाबाईंच्या पुढल्या संशोधनाचाही गाभा राहिला. एकटे बी उगवत नाही. त्याला जमीन लागते, ओल लागते. विषाणू हे बी समजले तर अंतःस्राव ही ओल आणि घराण्याचा गुण ही जमीन. या तिन्हींपैकी कोणतीही एक गोष्ट रोखता आली तरी रोग टळू शकतो, केवढा हा दिलासा!

पीएच. डी. झाल्यावर खानोलकरांनी त्यांना परदेशी शिष्यवृत्ती घेण्यास उत्तेजन दिले. त्या अमेरिकेत बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीरातल्या पेशी बाहेर काढून काचेच्या नळीत जिवंत ठेवण्याची विद्या गाय यांच्याइतकी फार थोड्यांना येत होती. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब काळ्या स्त्रीच्या गर्भाशयाच्या मुखातील कॅन्सरच्या पेशी वाढवण्यात आल्या. ती बिचारी त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी, लहान लहान लेकरे मागे ठेवून वारली. तिला किंवा घरच्यांना न विचारताच त्या पेशी घेतल्या होत्या, हे काही बरे झाले नाही. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. हे नाव लक्षात असू द्या, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

कमलाबाईंना परदेशात राहता आले असते, पण त्या परत आल्या. मुंबईत १९५२ साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर ही संस्था स्थापन झाली होती आणि खानोलकर तिचे संचालक होते. तेथे कमलाबाईंनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. अशा प्रकारची ही आपल्या देशातील पहिली म्हणून गणली जाते. पेशींना काचेच्या नळीत जगवायचे तर त्यांना आईच्या पोटातल्यासारखी ऊब आणि ठरावीक खुराक लागतो, आणि जंतूचा कणही चालत नाही. हा खुराक बाहेरदेशाहून मागवणे महाग आणि कटकटीचे. कमलाबाईंनी आपल्याबरोबर जीवशास्त्राचे व रसायनशास्त्राचे तरुण घेऊन तो येथेच बनवण्याची सोय केली. विकतचे नाही म्हणून अडून न बसता घरी करून घ्यावे, ही आपली बायकी रीत त्यांनी शास्त्रातही चालवली.

संस्थेत त्यांनी कॅन्सर कशाने होतो, पेशींचे जीवन कसे चालते आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती कशी काम करते, यांसाठी नवे विभाग उघडले. रक्ताचा, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर यांवर त्यांनी काम केले. महारोगाच्या जंतूंवर त्यांच्या संस्थेत झालेल्या संशोधनातून पुढे लस तयार करण्याचे प्रयत्न झाले, त्यातही त्यांचा वाटा होता. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी त्या संस्थेचे संचालकपद सांभाळले. त्यांचे दोनशेहून अधिक शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाले.

येथे एक शंका दूर केली पाहिजे, नाहीतर नसते भय पसरायचे. उंदराच्या दुधातून कॅन्सरचा विषाणू जातो, मग बाईच्या दुधातून जातो की काय? शास्त्रज्ञांनाही हा प्रश्न पडला होता. मुंबईच्या पारशी समाजातील बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळे. म्हणून त्यांच्या दुधाचे नमुने घेऊन अतिशय शक्तिमान अशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. या कामात कमलाबाईंच्याच संस्थेतील डॉ. सत्यवती शिरसाट या दुसऱ्या विदुषीचा सहभाग होता. उंदराच्या विषाणूसारखे कण काही नमुन्यांत दिसले आणि १९७१ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर जगभर चर्चा झाली. परंतु पुढे कसून पाहता त्या कणांमुळे बायकांना कॅन्सर होतो, असे काही सिद्ध झाले नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या मातेला स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी असतो, हे अनेक देशांतील पाहणीत दिसून आले आहे. तेव्हा लेकीसुनांनी बाळाला निःशंकपणे पाजावे. शोध घेऊन नाही असे उत्तर आले, तर तेही शास्त्राच्या कामी येते, आणि घाबरलेल्या माणसाला तर ते फारच मोलाचे असते.

कमलाबाई नुसत्या प्रयोगशाळेत बुडून गेल्या नव्हत्या. शास्त्र शिकलेल्या मुली लग्न झाले की कामे सोडतात, मूल झाले की परत येत नाहीत, हे त्या पाहत होत्या. बुद्धी कमी पडते म्हणून हे होत नव्हते. मुलाला सांभाळायला कुणी नाही, राहायला जागा नाही, म्हणून होत होते. १९७३ साली त्यांनी काही शास्त्रज्ञ मैत्रिणींसह भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली. नवी मुंबईत वाशी येथे तिचे कार्यालय आहे. संघटनेने नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह व पाळणाघर चालवले, मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या. देशात ठिकठिकाणी तिच्या शाखा निघाल्या. एकीने दुसरीचे मूल सांभाळले तर दोघींचीही कामे होतात, हे आपल्या मंडळातल्या बायांना वेगळे सांगावे लागत नाही.

भारत सरकारने १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. एवढा मान मिळाल्यावर एखादी व्यक्ती सुखाने घरी बसली असती. पण उतारवयात कमलाबाईंनी खेड्यांकडे मोर्चा वळवला. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आदिवासी बालकांचे पोषण आणि रक्त यांचा अभ्यास त्यांनी केला. महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या मार्फत त्यांनी खेड्यांतील बायकांना आरोग्याचे आणि आहाराचे शिक्षण दिले आणि गावातल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. शहरातून तज्ज्ञ येतो आणि जातो, पण गावातली शिकलेली बाई गावातच राहते.

२००१ साली, वयाच्या ८३व्या वर्षी कमलाबाईंचे निधन झाले. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र काढले, तेव्हा पुष्कळांना त्यांचे नाव पहिल्यांदा कळले. मोबाइल हातात असणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कुणाला ते आठवतही असेल.

पण त्यांच्या पिढीने धरलेला धागा तेथे संपला नाही. तो आपल्या दारापर्यंत आला आहे. विषाणू आधी शिरतो आणि कॅन्सर मागून येतो, हे उंदरांत दिसले होते. माणसात असे घडते का? जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाऊझेन यांनी १९८३ साली गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये एच. पी. व्ही. नावाच्या विषाणूचा एक प्रकार शोधून काढला. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ज्या हेन्रिएटा लॅक्सचे नाव मी वर सांगितले, तिच्या पेशींतही याच कुळाचा विषाणू सापडला. ती गेल्यानंतर तीसएक वर्षांनी तिच्या मरणाचे खरे कारण कळले.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. संसार करणाऱ्या कोणत्याही बाईला तो होऊ शकतो. त्यात तिच्या वागणुकीचा दोष नाही आणि लाजण्याचेही कारण नाही. बहुतेकींचे शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत आपोआप हाकलून लावते. थोड्या जणींच्या अंगात तो तसाच राहतो आणि दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. म्हणजे मध्ये दहा-वीस वर्षांचा अवकाश आपल्या हाती असतो! तेवढ्यात तपासणी झाली तर रोग होण्याआधीच लहानशा उपचाराने थांबवता येतो.

हे नुसते पुस्तकातले सांगत नाही. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली मोठे काम सुरू झाले. मुंबईचे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय यांनी ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी केली. खुरपणीला जाणाऱ्या, जनावरे राखणाऱ्या, आपल्यासारख्याच बाया. काहींची एच. पी. व्ही.ची तपासणी केली, काहींची दुसऱ्या पद्धतींनी, आणि काही गावांत नेहमीसारखेच चालू ठेवले. आठ वर्षांनी पाहता, ही तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. २००९ साली हा निष्कर्ष जगापुढे आला. बार्शीच्या परिसरातील बायांनी दिलेले हे उत्तर आता साऱ्या जगाच्या उपयोगी पडते.

आणि आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणी ऐन तिशीतल्या, पस्तिशीतल्या! फडात सुटी नाही, खाडा झाला की पैसे कापतात, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, डोक्यावर मुकादमाची उचल. त्यातच अंगावरून पांढरे जाते म्हणून दाखवायला गेल्यावर पिशवी सडली आहे, कॅन्सर होईल, असे कानावर पडले की बाई कर्ज काढून पिशवी काढून टाकते. मग तरुणपणीच हाडे दुखतात, अंगातून वाफा निघतात, ओझे उचलवत नाही. पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे, त्याला बहुधा साधी औषधे पुरतात. कॅन्सर आहे की नाही हे तपासणीनेच कळते, अंदाजाने नाही. तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणत्याही बाईने पिशवी काढण्यास हो म्हणू नये. मात्र पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्त गेले, पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर एक दिवसही न दवडता दाखवावे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने सरकारी दवाखान्यात गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीविषयी विचारावे. मुलींसाठी या विषाणूवरची लस निघाली आहे. ती नऊ ते चौदा या वयात, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी घेतली तर उत्तम. आपल्या देशात बनलेली अशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२२ साली पुढे आणली. ज्या पुण्यात कमलाबाई जन्मल्या, तेथेच हे व्हावे, हा योग चांगला जुळला.

कमलाबाईंच्या चरित्रापासून मी एक गोष्ट घेतली. दुखण्याचे मूळ फार आधी असते. ते शोधले तर घाबरण्याचे कारण उरत नाही, आणि न शोधता भ्यायलो तर दुखण्यापेक्षा भयच जास्त नुकसान करते. त्यांनी हे शोधण्यासाठी चाळीस-पन्नास वर्षे खर्च केली. आपल्याला त्यासाठी एक सकाळ काढायची आहे. दसऱ्यानंतर आपल्या वस्तीतल्या बाया कारखान्याला निघतील. त्याआधी मंडळाने एखादा दिवस ठरवून, पाच-दहा जणींनी मिळून, त्यांना बरोबर घेऊन तपासणीला जावे, अशी माझी सर्व सभासद भगिनींना व शेजारणींना विनंती आहे. एकटीला लाज वाटते, दहा जणींना वाटत नाही. डॉ. कमल रणदिवे यांच्या स्मृतीला माझे नम्र वंदन.